अजून अर्धी छटा

४ फेब्रुवारी, रविवार

ती. ताईंस सा. नमस्कार,

तुमचं पत्र परवा आलं. पाकिटावरचं अक्षर आधी ह्यांनी ओळखलं. पाकीट उलटसुलट करून पाहिलं, माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, “तुझं आहे.” नाव माझंच होतं, त्यामुळे खोटं काही बोलले नाहीत.

आम्ही इकडे मजेत आहोत. तुमचे गुडघे कसे आहेत? ऑफिसचा जिना अजून चढावा लागतो का?

सहा वर्षांनी तुम्ही पत्र लिहिलंत आणि त्यात दात पांढरे करण्याबद्दल विचारलंत, याचं आधी मला हसू आलं. मग वाटलं, आपल्या घरात अबोला दातांवरूनच धरला गेला, तर तो सुटायचा तोही दातांवरूनच. दुसरा विषय आणायचा कुठून? “फोन केला असता, पण कोण उचलेल कुणास ठाऊक,” असं तुम्ही लिहिलंय. ठीक केलंत. मीही फोनवर धड बोलू शकले नसते.

तर तुमचा प्रश्न. पुढच्या महिन्याअखेर तुम्ही निवृत्त होणार, निरोपाच्या दिवशी सगळ्या विभागाचा फोटो निघणार, तो कचेरीच्या भिंतीवर कायमचा लागणार, आणि “त्यात माझे पिवळे दात कशाला मागे ठेवून जाऊ?” बाजारात मिळतं त्यातलं धोक्याचं काय आणि उपयोगाचं काय, हे भावाला विचारायचं ते तुम्ही मला विचारलंत. मी छापखान्याची मुद्रितं तपासणारी बाई. पण कृत्रिम दात बनवणाऱ्या माणसाच्या घरात इतकी वर्षं काढल्यावर थोडंफार कानावर पडलंय. जे मला पक्कं माहीत आहे तेवढंच लिहिते.

सगळ्यात आधी लिंबू, खायचा सोडा आणि ती काळी कोळशाची पूड, हे सगळं बंद. तुमच्या मैत्रिणीला कितीही गुण आलेला असो. त्याने दात पांढरा होत नाही, झिजतो. वरचं चकचकीत कवच एकदा गेलं की परत येत नाही, आणि त्याच्या आतला थर मुळातच पिवळा असतो. म्हणजे घासून घासून माणूस पिवळेपणाच उघडा करतो. हे आपल्या इतर पुष्कळ उद्योगांसारखंच.

दुसरं, आधी दाताच्या डॉक्टरांकडून तपासून घ्या. हिरड्यांतून रक्त येतं असं तुम्ही ओझरतं लिहिलंय. ते ओझरतं लिहिण्यासारखं नाही. हिरड्या दुखऱ्या असताना किंवा दात किडलेला असताना वर औषध लावलं तर कळ डोक्यात जाते. कधी कधी नुसतं साफ करून घेतलं तरी चहाचा राप निघतो आणि पुढचं काही करावंच लागत नाही.

मग उरतात दोन रस्ते. एक, क्लिनिकमध्ये खुर्चीत बसून कडक औषध लावायचं, हिरड्यांना आवरण घालून. काही ठिकाणी वर निळा दिवा धरतात. दिवा दिसायला भारी दिसतो. काम औषध करतं. काम लवकर होतं, पण ठणकाही जास्त लागतो. दुसरा रस्ता हळूचा. डॉक्टर तुमच्या दातांचं माप घेऊन पातळ पारदर्शक ट्रे करून देतात, त्यात प्रत्येक दातासाठी सौम्य जेलचा तांदळाएवढा थेंब घालायचा आणि रोज थोडा वेळ लावून बसायचं. दोनतीन आठवडे लागतात, कुणाला जास्त. थंड पाणी झोंबायला लागलं तर एक दिवस सोडायचा. तुम्ही घाईच्या असलात तरी मी तुम्हाला हा दुसरा रस्ता सांगेन.

आणि एक लक्षात ठेवा: औषधाने फक्त खरा दात उजळतो. कॅप असेल, पुढच्या दातात सिमेंट भरलेलं असेल, तर ते होतं तसंच राहतं. तुम्हाला कॅप नाही. मला आहे. म्हणूनच हे सगळं मला माहीत.

योगायोग असा की सध्या मीही तेच करतेय. हळूचा रस्ता. डॉक्टरांनी ट्रे दिलेत, संध्याकाळी लावून मुद्रितं तपासते. तोंडात ट्रे असला की बोलता येत नाही, त्यामुळे काम बरं होतं. कल्पना ह्यांची.

हे हल्ली लॅबमध्ये जात नाहीत. घरीच असतात. वय झालं की माणूस दमतोच.

आईंच्या कवळीबद्दल तुम्ही पत्रात काही लिहिलं नाहीत, मीही लिहिणार नव्हते. पण ते न लिहिता हे पत्र बंद केलं तर आपण दोघी उगाच शहाण्यासारखं वागलो असं होईल. त्या दिवशी आई नवी कवळी घालून बाहेर आल्या, हसल्या, आणि तुम्ही सगळ्या पाहुण्यांसमोर म्हणालात, “जगाला मोती आणि आईला कवड्या?” खरंच ती कवळी पिवळसर होती. खालचा एक दात दुसऱ्यावर किंचित चढलेला होता. परक्यांना पांढरेशुभ्र सरळ दात करून देणाऱ्या माणसाने स्वतःच्या आईला असे दात का द्यावेत, हे मलाही तेव्हा कळलं नव्हतं. ह्यांनी उत्तर दिलं नाही आणि तुम्ही पर्स उचललीत. नंतर आई मला म्हणाल्या होत्या, “माझे खोटे दात बघ कसे एकमेकांना धरून बसतात. खऱ्या पोरांना काय होतं गं?” हे मी तेव्हाच तुम्हाला कळवायला हवं होतं का, कुणास ठाऊक. मग त्या गेल्या. तुम्ही आलात, टेकलात, आणि भावाशी एक अक्षर न बोलता निघून गेलात.

अक्षर वेडंवाकडं आलं असेल तर माफ करा. बाहेरच्या खोलीत मशीन चालू असतं, त्याच्या घरघरीत माझी वाक्यं तुटतात.

पत्र परत वाचलं, धंद्याची सवय. वर “मजेत” हा शब्द पडलाय. तो चूक आहे. खोडला असता, पण खोडलेला शब्द तुम्ही उजेडाकडे धरून वाचाल हे मला माहीत आहे. तेव्हा राहू दे. फक्त त्यावर विसंबू नका.

तुमची भावजय


१८ फेब्रुवारी

ती. ताई, सा. न.

तुमचं पत्र म्हणजे तारच होती. “कसलं मशीन? आणि मला गंडवू नकोस.” खाली ताजा कलम, की निळ्या दिव्याचं क्लिनिक तुम्हाला घराजवळच सापडलंय आणि मार्चच्या मध्यावरची वेळ घेतलीय. म्हणजे हळूच्या रस्त्याचा माझा सल्ला तुम्ही वाचला नाहीत आणि जे मी लिहिलं नव्हतं ते बरोबर वाचलंत. तुम्ही दोघं भावंडं खरी.

ऑक्सिजनचं मशीन आहे ताई. एका नळीने नाकाशी जोडलेलं. दिवसाचा बहुतेक वेळ लागतं.

तुमच्या भावाने मला बजावून ठेवलंय, “ताईला आपणहून काही कळवायचं नाही.” तुम्ही विचारलंत, म्हणजे मी आपणहून सांगत नाहीये. ही पळवाट आहे, मला कळतं. मागच्या पत्रात मशीनचा उल्लेख चुकून झाला की मुद्दाम, हे मी डायरीत दोन दिवस तपासत बसले. उत्तर असं निघालं की चुकून लिहिलं आणि मुद्दाम खोडलं नाही.

फुप्फुसात पूड बसलीय. दात घडवताना, घासताना उडणारी. पोर्सिलीनची, धातूची, वाळूच्या फवाऱ्याची. उमेदवारीच्या काळात लॅबमध्ये कुणी तोंडाला फडकं बांधलं की बाकीचे म्हणायचे, “काय रे, दरोड्याला निघालास?” पुढे चांगले मास्क आले, खेचून घेणारे पंखे आले. तेही ह्यांना पटले नाहीत, आणि त्याचं कारण तुम्हाला सांगायला हवं. कॅपची कड हे केसाइतकी बारीक करायचे. घासलं की कडेवर पूड बसते आणि कड दिसत नाही. मग फुंकर मारायची. मास्क लावून फुंकर मारता येत नाही. “ब्रशने झटकलं तर कड तुटते,” म्हणायचे. एक घास, एक फुंकर. एक घास, एक फुंकर. आणि फुंकर मारण्याआधी माणूस श्वास आत घेतो. एवढंच घडलं. इतकी वर्षं मी समोर बसून पाहिलं आणि मला त्यात कौशल्यच दिसलं.

छातीचे डॉक्टर स्पष्ट बोलतात. “आता उपाय नाही, सोय आहे,” म्हणाले. पुढचा हिवाळा धरून चालू नका, असंही म्हणाले, पण ते मला बाहेर बोलावून. मी आत आले तेव्हा ह्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाले, “किती सांगितलं?” मी म्हटलं, “विश्रांती सांगितलीय.” “बरं झालं, काम सांगितलं नाही.”

आता माझ्या दातांचं. तुम्ही म्हणाल, घरात असं असताना हिला दात पांढरे करायचं कसं सुचलं? मीच तुमच्या जागी असते तर म्हटलं असतं.

तुम्हाला आठवत असेल, आमची ओळखच या दातामुळे. मी छापखान्याच्या पायरीवर पडले, पुढचा दात अर्धा तुटला. डॉक्टरांनी माप घेतलं, दाताचा रंग कागदावर लिहून लॅबला पाठवला. दुसऱ्या दिवशी लॅबमधून एक किडकिडीत माणूस स्वतःच आला. कागदावरच्या रंगावर त्याचा विश्वास नव्हता. मला खिडकीशी बसवलं, ओठांवरची लिपस्टिक पुसायला लावली, आणि रंग जुळवायची पोर्सिलीनच्या दातांची पट्टी माझ्या दातांशी धरून पाहत राहिला. जरा वेळाने नजर काढून खिशातल्या निळ्या कार्डाकडे पाहायचा, पुन्हा दाताकडे. रंग सारखा पाहिला की डोळा थकतो आणि खोटं बोलतो, म्हणून ते कार्ड. मी विचारलं, “तुम्ही माझ्याकडे बघताय की दाताकडे?” म्हणाला, “अजून दाताकडे.” केलेल्या दोन कॅप त्याने स्वतःच नापास केल्या. डॉक्टर वैतागले, त्यांना दोन्ही चालल्या असत्या. “अजून अर्धी छटा आहे,” एवढंच त्याचं म्हणणं. शेडला हा छटा म्हणतो, त्याच्या लॅबमधल्या म्हाताऱ्या गुरूंची सवय. तिसरी कॅप बसली. शेजारच्या दातावर एक बारीक रेघ होती, तशी रेघही त्याने कॅपवर काढली होती. माझ्या आईलाही खोटा दात कुठला ते ओळखता आलं नाही.

पण कॅप म्हातारी होत नाही, दात होतात. चहा, वय. गेल्या काही वर्षांत माझे दात पिवळे पडत गेले आणि कॅप तिथेच राहिली. फोटोत तो एक दात वेगळा चमकायला लागला. मला त्याचं काही वाटत नव्हतं. ह्यांना वाटत होतं. ज्या दिवशी लॅब सुटली, त्या संध्याकाळी म्हणाले, “तुझा तो दात सव्वीस वर्षांचा राहिला आणि तू पुढे निघून गेलीस. वाईट दिसतं. माझं काम आहे ते.”

डॉक्टरांनी दोन पर्याय दिले. कॅप काढून आताच्या रंगाची नवी बसवायची, हे सोपं. किंवा बाकीचे दात हळूहळू उजळवत कॅपच्या रंगापर्यंत आणायचे आणि तिथेच थांबायचं, पुढे जायचं नाही. हे म्हणाले, “नवी बसव. लॅबमधला कुणीही करेल.” मी म्हटलं, “हा दात निघणार नाही.” लग्न झाल्यापासून मी इतक्या ठामपणे काही बोलले असेन असं आठवत नाही. ते म्हणाले, “मग रोज सकाळी मी बघणार. डॉक्टरवर सोडायचं नाही.”

तेव्हापासून रोज सकाळी बघतात. एरवी उठून बसायचं म्हटलं तरी नको म्हणतात, जेवणाचा कंटाळा करतात, पेपर उघडत नाहीत. पण खिडकीत उजेड आला की पट्टी मागतात. मी नळी सांभाळत त्यांना खुर्चीत बसवते. निळं कार्ड मांडीवर. “तोंड उघडं ठेवू नकोस, दात वाळला की पांढरा दिसतो. मीट. हं, आता.” आवाज तोच, लॅबमधला. ती थोडी मिनिटं ते आजारी नसतात.

आता जे लिहायचं होतं ते. दात भराभर उजळायला लागले, ताई. मला वाटलं होतं त्याच्या दुप्पट वेगाने. एक दिवस हे म्हणाले, “आठवड्याभरात जुळेल. मग झालं.” कसं म्हणाले ते तुम्ही ऐकायला हवं होतं. हातातलं शेवटचं काम संपवून दिवा मालवताना माणूस बोलतो तसं.

त्या संध्याकाळपासून मी ट्रे रिकामा लावते. जेल घालत नाही. समोर बसून रिकामा ट्रे तोंडात धरून मुद्रितं तपासते. अगदीच एका जागी थांबले तर त्यांना कळेल, म्हणून मधूनच एखाद्या दिवशी थोडं जेल घालते. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका समासात टिपणारी मी, आणि हे करते. चूक आहे का, हेही मला ठरवता येत नाही. डायरीत लिहिलं आणि पुढे काही सुचलं नाही, म्हणून तुम्हाला लिहिलं.

तुम्ही विचारलेलं नाही, पण विचाराल: मी येऊ का? मला माहीत नाही. त्यांना विचारायची माझी छाती नाही. तुमचं नाव निघालं की ते नाकातली नळी सारखी नीट करत बसतात.

तुमची भावजय


१० मार्च

ताई, नमस्कार.

तुम्ही “येऊ का?” असं विचारलंत आणि मी इतके दिवस उत्तर दिलं नाही. रागावला असाल. हे पत्र घाईत आहे. चुका सापडतील, सापडू देत.

मागच्या आठवड्यात दाताच्या डॉक्टरांकडे गेले होते. त्यांनी पाहिलं आणि म्हणाल्या, “अहो, हे तर केव्हाच जुळलंय. आता थांबा. आणखी केलंत तर कॅपच काळी दिसेल.” मी रिकामे ट्रे लावूनही जुळलं होतं, मधूनमधून घातलेलं जेल पुरलं. मी घरी येऊन आरशात पाहिलं. खरंच, कुठला दात त्यांचा आणि कुठला माझा, मला सांगता येईना. रेघसुद्धा रेघेला लागून होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मन घट्ट करून खिडकीशी बसले. ह्यांनी कार्डाकडे पाहिलं, दाताकडे पाहिलं, पुन्हा कार्डाकडे. मग म्हणाले, “अजून अर्धी छटा आहे.”

त्याच्या दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. मला वाटलं, डोळे गेले. ऑक्सिजन कमी पडला की काय काय होतं हे डॉक्टरांनी सांगितलं होतंच. मला राहवेना. पट्टीवरचे अगदी शेजारशेजारचे दोन दात सुटे केले, क्रमांक बोटाखाली झाकले आणि पुढे धरून म्हटलं, “हे दोन सारखेच आहेत ना हो?” त्यांनी माझ्याकडे अशी नजर टाकली की मी शरमले. “हा ए तीन, तो ए साडेतीन. मला काय आंधळा समजतेस?”

म्हणजे डोळे शाबूत होते. ज्या माणसाने अर्ध्या छटेसाठी आयुष्यभर डॉक्टरांशी भांडणं काढली, घडवलेल्या कॅप कचऱ्यात टाकल्या, तो जुळलेल्या दाताला जुळला नाही म्हणत होता. मी रिकामा ट्रे लावत होते हे त्यांना पहिल्याच दिवशी कळलं असणार. ते कसं कळणार नाही? आम्ही दोघं रोज सकाळी खिडकीशी बसून एकमेकांशी खोटं बोलत होतो, आणि ताई, इतके बरे दिवस या वर्षात आम्हाला आले नव्हते.

आज सकाळी ते मोडलं.

काल रात्र वाईट गेली होती, त्याबद्दल लिहीत नाही. सकाळी मला वाटलं आज पट्टी नकोच म्हणतील. पण मागितली. एकदाच पाहिलं. कार्डाकडे नजर वळवलीसुद्धा नाही. म्हणाले, “जुळलं. ट्रे धुऊन ठेवून दे.” पट्टीतले सगळे दात क्रमाने लावले, मी त्या दिवशी सुटे केलेले तेही, पट्टी डबीत ठेवून डबी मिटली आणि माझ्या हातात दिली. “चांगलं झालं,” म्हणाले. मग डोळे मिटून घेतले.

मला त्या मिटलेल्या डबीची भीती वाटली. उद्या सकाळी उजेड येईल आणि त्यांना उठून बसायला काही कारण नसेल. माझ्या तोंडून निघून गेलं, “डबी इतक्यात ठेवू नका. अजून एकीचे दात बघायचेत.”

“कुणाचे?”

“ताईंचे. त्यांना पांढरे करून घ्यायचेत. त्या म्हणाल्यात, आधी भावाला दाखवीन, मगच हात लावू देईन.”

तुम्ही असं काही म्हणाला नव्हतात. मी अजून एक खोटं बोलले, या वेळी तुमच्या नावावर. त्यांनी डोळे उघडले. मशीन घरघरत होतं. मग म्हणाले, “वरच्या फळीवर खोका आहे, तो काढ.”

खोक्यात जुनी हत्यारं होती आणि तळाशी कापडात गुंडाळलेला प्लास्टरचा दातांचा साचा. वरचे-खालचे दात. पांढऱ्याचा आता पिवळा पडलेला. खाली पेन्सिलने लिहिलेलं: ताई.

तुम्हाला आठवतं का? हे उमेदवारी करत होते, तुम्ही नोकरीला नुकत्याच लागला होतात. माप घ्यायची सवय करायला ह्यांना कुणी तोंड देईना, तेव्हा तुम्ही खुर्चीत बसलात. लगदा घशात गेला म्हणून ह्यांच्या पाठीत धपाटा घातलात. आज ते सांगताना हसले, आणि हसू आवरेपर्यंत मला नळी धरून उभं राहावं लागलं.

मग सांगितलं. आईंचे स्वतःचे दात कवळीच्या कितीतरी आधी गेले होते. तोंड उघडून हसतानाचा एकही फोटो नव्हता. जुन्या बायका ओठ मिटूनच फोटोला बसत. ह्यांना आईला तिचेच दात परत द्यायचे होते, आणि ते कसे होते याचा घरात काही मागमूस उरला नव्हता. “पण सगळे म्हणायचेच ना, ताई हसली की डिट्टो आई,” म्हणाले. म्हणून हा साचा समोर ठेवला आणि त्यावरून एकेक दात लावला. खालचा दात दुसऱ्यावर चढलेला, तसाच. रंग तुमच्याकडे जेवायला गेलो होतो तेव्हा डोळ्यांनी उचलून आणला. आई कवळी घालून हसल्या तेव्हा ह्यांना ती लहानपणीची आई दिसली. आणि त्याच क्षणी तुम्ही म्हणालात ते म्हणालात.

मी म्हटलं, “मग तेव्हाच का नाही सांगितलं?”

“सगळ्यांसमोर? तिचेच दात तिला कवड्या म्हणून दाखवू?”

नंतर कधीही सांगता आलं असतं, असं मला म्हणायचं होतं. म्हटलं नाही. सहा वर्षं तेही तेच म्हणत असणार, मनातल्या मनात.

“हे ताईला सांगू नकोस,” असं ते म्हणाले नाहीत. मी विचारलंही नाही, कारण विचारलं असतं तर ते म्हणाले असते. हे वाचून तुम्हाला काय होईल याचा मी पत्र सुरू करण्याआधी विचार केला. वाईट वाटेल. तुम्ही पत्र खाली ठेवाल, आरशासमोर जाल. मला तुम्हाला बोल लावायचा नाही. पाहुण्यांतल्या प्रत्येकाला तेच वाटलं होतं, मलासुद्धा. पण तुमची निळ्या दिव्याची वेळ जवळ आलीय, आणि हे न सांगता ती जाऊ दिली असती तर मी स्वतःला सोडलं नसतं.

पहिल्या पत्रात तुम्ही विचारलं होतं, कुठला उपाय चांगला. मी जे लिहिलं ते सगळं बरोबर आहे, आजही तेच सांगेन. हिरड्या तपासा, साफ करून घ्या, घाई नको. फोटोसाठी दात उजळायचे की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा, त्यात कुणाचं काही जात नाही. फक्त आधी नको. आधी आहेत तसे घेऊन या.

मी साचा परत गुंडाळायला घेतला तर म्हणाले, “राहू दे, इथेच ठेव.” तो खिडकीत ठेवलाय. पट्टीची डबी त्याच्याशेजारी. जरा वेळाने मला वाटलं झोप लागली, तर डोळे मिटूनच विचारलं, “केव्हा येणार म्हणाली?”

मी म्हटलं, “लवकरच.”

“सकाळची ये म्हणावं. आमच्या खिडकीत उजेड फार वेळ टिकत नाही.”

ताई, मी बोललेलं खोटं आता तुमच्या हातात आहे. उत्तर लिहू नका, पत्राला पोचायला वेळ लागतो. लिपस्टिक लावू नका. या.

उद्याही डबी उघडायला लावणारी,
तुमची भावजय